शोधाची किल्ली कोणाच्या हाती?

कामगार चळवळीतल्या माणसाने ब्राउझरमधील शोधाच्या इतिहासावर बोलावयाचे ठरविले, ह्याचे काही श्रोत्यांना नवल वाटेल. हा विषय संगणक शिकलेल्यांचा, असे सामान्यतः मानले जाते. आम्हाला मात्र तो आमचाच विषय वाटतो आणि त्याचे कारण साधे आहे. कामगाराच्या बाजूचा कायदा पुष्कळदा पुस्तकात असतो, कराराचे कलम कपाटात असते, सरकारचा निर्णय कोठल्यातरी संकेतस्थळावर असतो. अडते ते एवढ्यावरच, की हव्या त्या घटकेला ते सापडत नाही; आणि जे वेळेवर सापडत नाही ते असून नसल्यासारखेच. तीस वर्षे वाटाघाटींच्या मेजाशी बसून आम्ही हे शिकलो, की ज्याला कागद आधी सापडतो त्याच्याच शब्दाला वजन येते.

शोध दोन प्रकारचा असतो, हे प्रथम ध्यानात घ्यावे. एक पानातला शोध. समोर असलेल्या मजकुरात एखादा शब्द कोठे कोठे आला आहे, एवढेच त्यात पाहावयाचे असते. दुसरा जालावरचा शोध. जगातल्या असंख्य पानांपैकी आपल्या कामाचे पान कोणते, हे त्यात ठरवावयाचे असते. आज दोन्ही कामे ब्राउझर नावाच्या एकाच खिडकीतून होतात, म्हणून ती एकच वाटतात. वास्तविक ह्या दोहोंची कुळे वेगळी, वाढ वेगळी आणि धनीही वेगळे. पहिल्या शोधाचे धनी आपण स्वतः असतो. दुसऱ्याचा धनी कोण, हे समजण्यासाठी थोडे मागे गेले पाहिजे.

शोधाची हाव माणसाला संगणकाने लावली नाही. मजकूर फार झाला, एकट्याच्या डोक्यात मावेना, की सूची जन्माला येते. आपल्याकडे ही गोष्ट फार प्राचीन काळी घडली. ऋग्वेदाच्या सूक्तांची यादी देणारी 'सर्वानुक्रमणी' कात्यायनाच्या नावावर आहे. तीत प्रत्येक सूक्ताचे पहिले शब्द, ऋचांची संख्या, ऋषी, देवता आणि छंद अशी नोंद केलेली आढळते. पहिल्या शब्दांवरून सूक्त ओळखावयाचे, ह्या पद्धतीला 'प्रतीक' म्हणतात. युक्ती उत्तमच होती. परंतु वेद ऐकण्याचाही अधिकार ज्यांना नाकारलेला होता, त्या बहुसंख्य लोकांना त्या सूचीचा उपयोग काय? किल्ली होती, पण ती ठराविक घरांच्या खुंटीला टांगलेली होती. शोधाच्या इतिहासात हा प्रश्न पुनःपुन्हा येतो, म्हणून तो आरंभीच मांडून ठेवतो.

युरोपातली कथाही अशीच उद्बोधक आहे. तेराव्या शतकात पॅरिसच्या सेंट जॅक मठात ह्यू ऑफ सेंट-शेर ह्या धर्मगुरूच्या देखरेखीखाली लॅटिन बायबलातील शब्दांची सूची तयार झाली. कोणता शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या अध्यायात आणि अध्यायाच्या कोणत्या भागात आला, हे तीत लिहिलेले असे. अध्यायाचे भाग दाखविण्यासाठी अक्षरे योजलेली होती. पहिल्या सूचीत नुसता ठिकाणाचा पत्ता होता. शब्दाच्या मागचापुढचा मजकूर दिलेला नव्हता. तो नसल्यामुळे वाचकाची अडचण होऊ लागली, तेव्हा पुढील सूचींत वाक्येही घालण्यात आली. ह्या कामी पाचशे भिक्षू राबले अशी परंपरा सांगते. पाचशेचा आकडा कमीजास्त असेल, पण काम पुष्कळ हातांचे होते ह्यात शंका नाही. सूचीवर नाव मात्र एकाचेच राहिले.

छपाई आली तरी सूची करणाराचे कष्ट कमी झाले नाहीत. मॉरिस ब्लूमफील्ड ह्या अमेरिकन पंडिताने वैदिक वाङ्मयातील मंत्रांची प्रचंड सूची १९०६ साली प्रसिद्ध केली. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम हाती घेतले, ते १९६६ साली पुरे झाले. आणि त्यानंतर श्लोकांच्या चरणांची प्रतीकसूची छापून निघाली. मराठी पुस्तकांच्या बाबतीत शंकर गणेश दाते ह्यांनी १८०० ते १९३७ ह्या काळाची 'मराठी ग्रंथसूची' सिद्ध केली आणि पुढे १९५० पर्यंतचा काळ दुसऱ्या भागात घेतला. आपल्या भाषेत काय छापले गेले, हे सांगण्यासाठी एका माणसाने आयुष्याची वर्षे कार्डे लिहिण्यात घालविली. अशा माणसांचे पुतळे उभारले जात नाहीत. पण ग्रंथालयात जाऊन हवे ते पुस्तक दहा मिनिटांत ज्याला मिळाले, तो वाचक त्यांचा ऋणी असतो. शियाळी रामामृत रंगनाथन ह्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. त्यांतील चौथे सूत्र वाचकाचा वेळ वाचवा, असे सांगते. आठ तास कामावर आणि दोन तास गाडीत काढणाऱ्या माणसाला ह्या सूत्राची किंमत अधिक कळते.

आता यंत्राकडे वळू. इटलीतील रॉबर्टो बुसा ह्या जेझुइट धर्मगुरूला संत थॉमस अक्वायनसच्या समग्र लेखनाची शब्दसूची करावयाची होती. सुमारे एक कोटी शब्दांचा हा मजकूर हाताने सूचीबद्ध करणे अशक्य दिसल्यावर १९४९ साली त्याने अमेरिकेत जाऊन आयबीएम कंपनीची मदत मिळविली. छिद्रे पाडलेल्या कार्डांवर एकेक शब्द चढविण्यात आला आणि १९७४ ते १९८० ह्या काळात ५६ खंडांची सूची छापली गेली. ती कार्डे कोणी भरली? मिलानजवळच्या गालाराते गावी तरुण मुलींना हे काम शिकवून त्यांच्याकडून ते करून घेतले गेले. बुसाचे नाव जगभर झाले. ह्या मुलींची आठवण संशोधकांना अर्ध्या शतकानंतर झाली. यंत्राने शोधले असे आपण म्हणतो, तेव्हा त्या यंत्राला खाऊ घालणारे हात कोणाचे, हा प्रश्न कामगाराने तरी विचारावयास हवा.

पुढची पायरी अशी, की सूची आधी करून ठेवण्याची गरजच एका प्रकारच्या शोधात उरली नाही. मजकूर यंत्रात अक्षररूपाने साठलेला असला, म्हणजे यंत्र तो दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू शकते. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसनने 'ग्रेप' नावाची छोटी आज्ञावली लिहिली. १९७३ साली ती युनिक्स प्रणालीत आली. एक शब्द द्यावा आणि तो ज्या ज्या ओळीत असेल त्या ओळी पुढे याव्यात, एवढेच तिचे काम. १९७७ साली रॉबर्ट बॉयर आणि जे मूर ह्या दोघांनी शोधाची एक चतुर रीत प्रसिद्ध केली. ती समजावयास कठीण नाही. समजा, आपल्याला 'कामगार' हा चार अक्षरांचा शब्द हवा आहे. साधा माणूस मजकुराच्या पहिल्या अक्षरापासून बोट फिरवीत जाईल. ह्या रीतीत बोट एकदम चौथ्या अक्षरावर ठेवावयाचे. तेथे 'र' असेल तर मागे वळून बाकीची अक्षरे जुळतात का ते पाहावयाचे. तेथे 'ट' निघाला, तर 'कामगार' ह्या शब्दात 'ट' नाहीच. तेव्हा ह्या चारही जागी तो शब्द बसणे शक्य नाही. मग एकदम चार घरे पुढे उडी घ्यावयाची. अशा रीतीने मजकुराची पुष्कळशी अक्षरे न पाहताच शोध पुरा होतो. जुना मुनीम खतावणी चाळताना अशाच उड्या घेत असतो. त्याला ते शास्त्र म्हणून ठाऊक नसते इतकेच.

ह्याच कुळातला शोध आज प्रत्येक ब्राउझरमध्ये आहे. संगणकावर कंट्रोल आणि एफ ही दोन बटणे एकदम दाबली, की एक लहानशी पट्टी उघडते. तीत शब्द लिहिला, की पानावर तो जेथे जेथे असेल तेथे रंग चढतो आणि एकूण किती वेळा आला तो आकडाही दिसतो. फोनमध्ये हीच सोय तीन ठिपक्यांच्या यादीत, 'पेजमध्ये शोधा' अशा काहीशा नावाने असते. हा शोध आपल्याच यंत्रात चालतो. त्यात क्रम लावणारा कोणी मध्यस्थ नसतो, जाहिरात नसते. शब्द पानावर अक्षररूपाने असेल तर सापडेल, नसेल तर नाही. एवढा प्रामाणिक नोकर दुसरा नाही. आणि तरीही गूगलमध्ये शोधाच्या सवयींचा अभ्यास करणारे डॅनियल रसेल ह्यांनी २०११ साली 'अटलांटिक' ह्या अमेरिकन नियतकालिकाला सांगितले होते, की त्यांच्या पाहणीत शंभरापैकी नव्वद लोकांना ही दोन बटणे ठाऊक नव्हती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हाच.

आता जालावरचा शोध. टिम बर्नर्स-ली ह्यांनी जिनिव्हाजवळच्या सर्न ह्या संशोधनसंस्थेत १९८९ साली वेबची कल्पना मांडली आणि १९९० च्या अखेरीस पहिला ब्राउझर लिहिला. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने हे सर्व तंत्र कोणालाही विनामूल्य वापरता येईल असे जाहीर केले. ही तारीख कामगारांनी लक्षात ठेवण्यासारखी आहे. कारण जे सर्वांचे म्हणून सोडून दिले गेले, त्याच्यावरच पुढे सर्वांत मोठ्या खाजगी पेढ्या उभ्या राहिल्या. वेबच्या आधीही इंटरनेटवर फायली होत्या आणि त्या शोधण्यासाठी मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एम्टेज ह्या बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या तरुणाने १९९० साली 'आर्ची' नावाची सूची चालू केली होती. ती फक्त फायलींची नावे शोधी. आतला मजकूर तिला ठाऊक नसे. एम्टेजने तिच्यावर मक्तेदारीचा हक्क मिळविला नाही.

वेबवर पाने वाढू लागली तेव्हा हाताने यादी करण्याचे दिवस संपत आले. १९९४ साली स्टॅनफर्डच्या जेरी यांग आणि डेव्हिड फिलो ह्या विद्यार्थ्यांनी सुरू केलेली 'याहू' ही हाताने केलेलीच विषयवार यादी होती, आणि ती काही वर्षे चांगली चालली. परंतु दुसरी वाट आधीच उघडली होती. स्कॉटलंडमधील स्टर्लिंग विद्यापीठात जोनाथन फ्लेचर ह्यांनी डिसेंबर १९९३ मध्ये 'जंपस्टेशन' चालू केले. त्यात तीन गोष्टी प्रथमच एकत्र आल्या: दुव्यांवरून चालत जाऊन पाने गोळा करणारा यंत्रदूत, त्या पानांची सूची, आणि वाचकाला प्रश्न विचारण्याची चौकट. ते फक्त पानांची शीर्षके पाही. पुढच्याच वर्षी, १९९४ साली, ब्रायन पिंकर्टन ह्यांच्या 'वेबक्रॉलर'ने पानांतला सबंध मजकूर सूचीत घेतला. १५ डिसेंबर १९९५ रोजी डिजिटल इक्विपमेंट कंपनीचे 'अल्टाविस्टा' आले, आणि वेगात व आवाक्यात त्याने सर्वांना मागे टाकले.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. आपण शोधचौकटीत शब्द लिहितो तेव्हा यंत्र त्या क्षणी सारे जग धुंडाळून येते, असे पुष्कळांना वाटते. तसे होत नाही. यंत्रदूताने आधीच पाने वाचून ठेवलेली असतात. पुस्तकाच्या शेवटी जशी सूची असते, शब्दापुढे पृष्ठांक, तशीच ही अवाढव्य सूची असते. आपला शोध त्या सूचीत चालतो. अर्थात जे पान दूताने पाहिले नाही, अथवा पाहून सूचीत घेतले नाही, ते आपल्याला दिसणार नाही. सापडले नाही म्हणजे नाहीच, असा निष्कर्ष जालावरच्या शोधात काढता येत नाही. पानातल्या शोधात आणि ह्यात हा मोठा फरक आहे.

दुसरा फरक क्रमाचा. एका शब्दाला लाखो पाने निघाली तर आधी कोणते दाखवावयाचे? केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स ह्या विदुषीने १९७२ साली एक साधे तत्त्व मांडले होते. जो शब्द पुष्कळ कागदांत येतो त्याला वजन कमी. जो थोड्या कागदांत येतो त्याला जास्त. 'आणि', 'आहे' ह्या शब्दांनी कागद ओळखता येत नाही, 'ले-ऑफ' ह्या शब्दाने येतो. स्टॅनफर्डच्या लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन ह्यांनी ह्यात आणखी एक माप घातले. ज्या पानाकडे इतर पाने बोट दाखवितात ते पान मोठे. आणि बोट दाखविणारे पान स्वतः मोठे असेल तर त्याच्या बोटालाही अधिक मान. गावात ज्याचा सल्ला चार शहाणी माणसे घेतात तो शहाणा, असे आपण म्हणतो, त्यातलाच हा प्रकार. १९९८ साली ह्या कल्पनेवर गूगल कंपनी उभी राहिली आणि थोड्याच वर्षांत अल्टाविस्टा मागे पडले. २०१३ साली ते बंदच झाले.

ह्या दोघांनी १९९८ सालच्या आपल्या प्रबंधात एक इशारा दिला होता, तो मुद्दाम सांगतो. जाहिरातींवर चालणारे शोधयंत्र स्वभावतःच जाहिरातदाराकडे झुकेल आणि वाचकाच्या गरजेपासून दूर जाईल, अशा आशयाचे त्यांचे म्हणणे होते. ऑक्टोबर २००० मध्ये त्याच कंपनीने शोधाच्या शब्दांवर जाहिराती विकावयास आरंभ केला, आणि आज तिचा मुख्य धंदा तोच आहे. आम्ही ह्यात कोणाच्या नीतीची परीक्षा करीत नाही. ज्याची भाकर जेथून येते त्याचे मन तेथे ओढले जाते, हा नियम त्या तरुणांनी अचूक ओळखला होता, एवढेच आम्हाला दाखवावयाचे आहे.

मग ब्राउझरचे काय झाले? तो तर केवळ खिडकी होता. परंतु खिडकीजवळ जो बसतो त्याला रस्त्याचा ताबा मिळतो. नोव्हेंबर २००४ मध्ये निघालेल्या फायरफॉक्स ब्राउझरच्या पहिल्या पूर्ण आवृत्तीत कोपऱ्यात शोधाची चौकट होती आणि खालच्या बाजूला पानातला शोध करण्याची पट्टी होती. दोन शोध, दोन जागा. फरक डोळ्यांना दिसे. २ सप्टेंबर २००८ रोजी गूगलने स्वतःचा क्रोम हा ब्राउझर काढला. त्यात पत्ता लिहावयाची जागा आणि शोधावयाची जागा एकच केली. सोय झाली हे मान्यच केले पाहिजे. पण ज्याला संकेतस्थळाचा पत्ता ठाऊक आहे तोसुद्धा नाव लिहून शोधयंत्राच्या दारातून जाऊ लागला. स्वतःच्या घरी जाताना रोज नाक्यावरच्या माणसाला रस्ता विचारावा, तशी गत झाली.

ह्या दाराची किंमत केवढी असेल? अमेरिकेच्या सरकारने गूगलविरुद्ध चालविलेल्या खटल्यात ती उघड झाली. ब्राउझरांत आणि फोनांत आपलेच शोधयंत्र आधीपासून बसविलेले असावे ह्यासाठी त्या कंपनीने २०२१ ह्या एका वर्षात इतर कंपन्यांना २६ अब्ज डॉलरहून अधिक रक्कम दिली. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायमूर्ती अमित मेहता ह्यांनी शोधाच्या क्षेत्रात गूगलने बेकायदा मक्तेदारी टिकविली असा निर्णय दिला. सप्टेंबर २०२५ मध्ये उपाय सांगताना त्यांनी क्रोम विकण्याची सक्ती केली नाही. मात्र इतरांना दार बंद करणारे करार करण्यास मनाई केली. ज्याच्या हाती ससा तो पारधी, ही म्हण येथे तंतोतंत लागू पडते. वाचकांपैकी बहुतेक जण आधीपासून बसविलेली गोष्ट बदलीत नाहीत, ह्या एका सवयीची ही किंमत आहे. सवय बदलणे मात्र फुकट आहे. ब्राउझरच्या सेटिंगमध्ये जाऊन शोधयंत्र बदलता येते, आणि एकाच प्रश्नाला दोन यंत्रे काय उत्तर देतात ते ताडून पाहता येते.

आपल्या भाषेची कथा ह्याहून वेगळी आणि अधिक कष्टाची आहे. वेब आले तेव्हा मराठी त्यावर दिसे, पण सापडत नसे. कारण जो तो आपापला फाँट वापरी. पडद्यावर 'कामगार' दिसले तरी आत इंग्रजी चिन्हांचा काला असे, आणि एका वृत्तपत्राचा काला दुसऱ्याशी जुळत नसे. यंत्र शोधते ते आतले; बाहेरचे रूप त्याला दिसत नाही. त्यामुळे ती वर्षानुवर्षांची पाने असून नसल्यासारखी झाली. युनिकोडच्या १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला जागा मिळालेली होती, पण आमच्या रोजच्या व्यवहारात ती यावयास पुष्कळ वर्षे गेली. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला, आणि युनिकोडमधील मराठी मजकुराचा मोठा साठा स्वयंसेवकांनी फुकट उभा केला. येथेही पुन्हा तेच: शोध सोपा झाला तो कोणाच्या तरी हाताने टंकलेल्या अक्षरांमुळे.

मराठीत पानातला शोध करताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. आपल्या शब्दांची रूपे बदलतात. 'भत्ता' शोधला तर 'भत्त्याची' सापडत नाही. म्हणून 'महागाई भत्ता' हवा असेल तर नुसते 'महागाई' लिहावे. शब्दाचा जो भाग बदलत नाही तोच शोधास द्यावा. एकाच गोष्टीला कचेरीत एक नाव आणि कारखान्यात दुसरे असते. कायद्यात 'उपदान', आमच्याकडे 'ग्रॅच्युइटी'. दोन्ही शोधावीत. आकडे मराठी अंकांत आहेत की इंग्रजी, हेही पाहावे आणि दोन्ही रीतींनी शोधावे. जालावर शोधताना शब्दसमूह अवतरणचिन्हांत घातला तर ते शब्द त्याच क्रमाने असलेली पाने मागता येतात. 'साइट' हा शब्द इंग्रजीत लिहून त्यापुढे विसर्गासारखी दोन टिंबे आणि त्याला लागूनच सरकारी संकेतस्थळाचा पत्ता दिला, तर शोध त्या स्थळापुरता राहतो आणि बाजारातले सल्लागार गळून पडतात.

आता एका कारखान्यातली गोष्ट सांगतो. नाव सांगण्याची गरज नाही. आमची शाळा नववीत सुटली, पुढचे शिक्षण युनियनच्या कचेरीतल्या कपाटाने केले. त्या कपाटात जुने वेतनकरार बांधून ठेवलेले असत. वाटाघाटीत व्यवस्थापनाचा अधिकारी म्हणे, "असे कलम मागच्या करारात नाहीच." कलम आहे हे आम्हाला पक्के ठाऊक असे, परंतु दीडशे पानांत ते कोठे, हे शोधीपर्यंत बैठक उठे आणि पुढची तारीख महिन्याने मिळे. नंतर युनियनमधल्या एका मुलीने ते सारे करार रात्री बसून टंकून काढले. पुढच्या बैठकीत तोच अधिकारी तेच वाक्य बोलला. मुलीने फोनवर करार उघडला, पानातल्या शोधात 'रात्रपाळी' लिहिले आणि फोन मेजावर सरकविला. कलम तिसऱ्या ठिकाणी होते. त्या दिवशी रात्रपाळीचा भत्ता मिळाला तो भाषणाने मिळाला नाही. तिच्या टंकनाच्या रात्री त्यामागे होत्या.

ह्याच्या उलट अनुभवही येतो. कित्येक परिपत्रके संकेतस्थळावर असतात, पण ती कागदाची छायाचित्रे असतात. त्यांत शब्द दिसतो, शोधल्यास सापडत नाही; कारण यंत्राच्या दृष्टीने ते अक्षर नसून डाग असतात. छायाचित्रावरून अक्षरे ओळखणारी साधने आता निघाली आहेत, पण पुसट शिक्का आणि वाकडी ओळ असली म्हणजे ती चुकतात. म्हणून ह्याविषयी मागणी केली पाहिजे, आणि ती मागणी निराधार नाही. ऑक्टोबर २००५ पासून पूर्णपणे अंमलात असलेल्या माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमाने प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर आपले अभिलेख सूचीबद्ध आणि अनुक्रमणिकेसह ठेवण्याचे कर्तव्य घातले आहे. आम्हाला हे कलम फार महत्त्वाचे वाटते. कात्यायनाच्या काळी जी सूची ठराविक घरांची होती, ती ह्या कलमाने प्रत्येक नागरिकाचा हक्क केली. अर्ज करून एखादा कागद मागणे हा हक्काचा एक भाग झाला. कागद शोधता येईल अशा रीतीने ठेवलेला असणे हा दुसरा भाग, आणि तो आपण फारसा मागत नाही.

आणखी एक सावधगिरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून केंद्राच्या चार कामगार संहिता अंमलात आल्या आणि ग्रॅच्युइटीचा १९७२ चा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत विलीन झाला. ठराविक मुदतीवर नेमलेल्या कामगाराला आता एका वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटीचा हक्क पोचतो. परंतु जालावर 'ग्रॅच्युइटी किती वर्षांनी' असे शोधले तर पाच वर्षांचा जुना नियम सांगणारी शेकडो पाने अजून पडलेली आहेत. त्यांच्याकडे वर्षानुवर्षे बोटे दाखविली गेली आहेत, म्हणून ती वजनदारही आहेत. पानाचे वजन आणि पानाचे सत्य ह्या दोन गोष्टी निराळ्या. पान उघडले, की प्रथम त्यावरची तारीख शोधावी. तारीख नसेल तर त्या पानावर विसंबून कामगाराला सल्ला देऊ नये.

२०२४ पासून तर शोधयंत्रे पानांची यादी देण्याआधी स्वतःच तयार केलेले उत्तर वर छापू लागली आहेत. थकल्याभागल्या माणसाला ते गोड लागते. पण अशा उत्तरात शोधाचा मूळ लाभच निसटतो; कारण तेरा शतके असोत की तेरा वर्षे, सूचीने नेहमी एकच काम केले: ती वाचकाला मूळ मजकुरापाशी नेऊन सोडी आणि बाजूला होई. उत्तर वाचून थांबू नये. त्याखालचा दुवा उघडावा, मूळ कायदा अथवा निर्णय समोर घ्यावा, आणि मग पानातल्या शोधाने ते कलम आपल्या डोळ्यांनी वाचावे. दूरच्या शोधाने पानापर्यंत जावे, जवळच्या शोधाने शब्दापर्यंत. दोन्ही पायऱ्या चढल्याशिवाय कोणाशी वाद घालू नये, असा नियम आम्ही आमच्या कार्यकर्त्यांना घालून दिला आहे.

शेवटी एक सूचना करून हे व्याख्यान संपवितो. प्रत्येक युनियनने, आणि युनियनच का, प्रत्येक गृहरचना संस्थेने, पतपेढीने आणि वाचनालयाने आपले करार, ठराव आणि इतिवृत्ते युनिकोड मराठीत टंकून ठेवावीत, त्यांवर तारीख घालावी आणि सभासदांना ती उघडून द्यावीत. त्यासाठी मोठा खर्च लागत नाही. आठवड्यातून एक संध्याकाळ आणि टंकणारी दोन माणसे पुरतात. ह्या माणसांची नावे मात्र त्या कागदाच्या शेवटी अवश्य लिहावीत.